घरची तूर विकून दुकानची डाळ कशासाठी?

शेतकरी कुटुंबात बियाणे, खते व मजुरी यांचा हिशेब बहुधा मांडला जातो. किराणा मालाचा हिशेब मात्र दुकानदाराच्या वहीतच राहतो. त्या वहीतील एक नोंद विशेष विचार करण्याजोगी आहे. विदर्भ व मराठवाडा या भागांत कपाशी किंवा सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणारी अनेक कुटुंबे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सगळी तूर खळ्यावरूनच विकून मोकळी होतात, आणि पुढे वर्षभर तुरीची डाळ पाव-अर्धा किलोने दुकानातून आणतात. ही रीत बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रीची पोती भरण्यापूर्वी घरच्या वर्षभराच्या बेगमीची तूर बाजूस काढणे, हा किराणा खर्च कमी करण्याचा अत्यंत सोपा उपाय होय.

प्रथम गरज किती, ते पाहू. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ शिजते असे धरल्यास वर्षाला सुमारे ९१ किलो डाळ लागते. त्यांपैकी निम्मी हरभरा, मूग, उडीद यांची धरली, तरी तुरीची डाळ ४५ किलो हवीच. एक क्विंटल तुरीपासून साधारणपणे ७० किलो डाळ मिळते. म्हणजे अशा घराने ६५ किलो तूर राखून ठेवली की पुरे. एक पोतेही पुरते भरत नाही.

आता पैशाचा हिशेब. तुरीला क्विंटलमागे जो दर मिळाला, त्यास ७० ने भागावे. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव ७,५५० रुपये होता. त्या दराने घरच्या डाळीचा किलोमागे खर्च सुमारे १०८ रुपये येतो. त्यात भरडाईची मजुरी मिळवावी. मग पावसाळ्यात दुकानदाराने लावलेला दर शेजारी लिहून दोन्ही आकड्यांतील अंतर प्रत्येकाने स्वतःच पाहावे. हमीभावापेक्षा कमी दराने तूर विकणाऱ्याच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. शिवाय घरी डाळ केल्यास निघणारी चुणी जनावरांच्या उपयोगी पडते, ती निराळीच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पुढे भाव उतरले तर राखलेल्या तुरीत तोटा येईल. परंतु खाण्यासाठी ठेवलेले धान्य हा सट्टा नव्हे. भाव उतरलेल्या वर्षी लाभ कमी होईल, कदाचित होणारही नाही. पण भाव चढलेल्या वर्षी घरातील वरण पातळ होणार नाही. महागाईत पहिली कात्री डाळीलाच लागते, आणि तिची झळ मुलांना व सर्वांत शेवटी जेवणाऱ्या गृहिणीला पोचते, हे विसरून चालणार नाही. दुसरा आक्षेप देण्याघेण्याचा आहे. सुगीच्या वेळी रोख रकमेची निकड असते, हे खरे. तथापि ६५ किलो तुरीने कर्जाचा भार फारसा हलका होत नाही. उलट तेवढी डाळ उधारीवर आणल्याने दुकानदाराचे नवे देणे मात्र उभे राहते. विक्रीच्या मालासाठी बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्जाची योजना १९९०-९१ पासून राबविण्यात आली आहे. आपल्या बाजार समितीत तिची सोय आहे किंवा नाही, याची चौकशी अवश्य करावी.

खरी अडचण आहे ती किडीची. कडधान्यावरील भुंगेरा शेतात शेंगा पक्व होतानाच अंडी घालतो आणि दाण्याबरोबर घरात येतो. म्हणून तूर कडक उन्हात चांगली वाळवावी. दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. ओलावा १० टक्क्यांहून अधिक नसावा. अखंड तूर ठेवावयाची असल्यास दर किलोस ५ मिलिलिटर, म्हणजे ६५ किलोस सुमारे सव्वातीनशे मिलिलिटर खाद्यतेल दाण्यांस सारखे चोळावे. कोठी घट्ट झाकणाची असावी. पोत्यात ठेवल्यास पोते स्वच्छ व कोरडे असावे, आणि ते लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावे. राहत्या घरात धुरीच्या विषारी गोळ्या मुळीच वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो, आणि तशा दुर्घटना घडलेल्या आहेत.

याहून बरे म्हणजे उन्हाळ्यातच डाळ करून ठेवावी, कारण भरडलेल्या डाळीत हा भुंगेरा फारसा वाढत नाही. जात्यावर भरडण्याचे कष्ट आता सर्वांना झेपण्यासारखे नाहीत. परंतु अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलसारखी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. गावातील एखाद्या महिला बचत गटाने असे यंत्र चालविल्यास गावाची डाळ गावातच तयार होईल व भरडाईचा पैसाही गावातच राहील.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची सूचना आहे. तुरीच्या फवारणीविषयी आपण जितक्या तत्परतेने सांगतो, तितक्याच तत्परतेने मळणीपूर्वी प्रत्येक घरी हा हिशेब मांडून द्यावा. आणि तो केवळ घरधन्याजवळ न मांडता गृहिणीस समोर बसवून मांडावा, कारण रोज किती डाळ शिजते हे तिलाच नेमके ठाऊक असते. शेतकरी बंधूंनीही एवढा नेम करावा की, घरची कोठी भरल्यावाचून तुरीचे पोते गाडीत चढवावयाचे नाही.