कायद्याची संहिता आणि तिचे वाचक

साहित्याच्या अभ्यासकाने विधिमंडळाच्या कामकाजाची उठाठेव का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, कायदा ही प्रथमतः एक संहिता आहे. तीत योजिलेल्या एका शब्दावर एखाद्याची जमीन राहते वा जाते. आणि संहितेचे वाचन हाच तर आपला व्यवसाय आहे.

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाताना कडकोळ लागते. शेती आणि औद्योगिक वसाहत तेथे शेजारी नांदतात. अशा गावाला जमिनीचा कायदा म्हणजे जीवनमरणाचा विषय. २०२० च्या जुलैत कर्नाटक शासनाने १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यात वटहुकुमाने बदल केला. डिसेंबरात विधिमंडळाची अंतिम संमती मिळाली. शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन घेण्याची वाट त्याने मोकळी झाली. त्याच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद असोत. येथे प्रश्न वाचनाचा आहे. कलम ७९-अ, ७९-ब व ७९-क वगळण्यात येतील, एवढ्या वाक्यावरून कडकोळच्या शेतकऱ्याने काय उमजावे? विधेयकाला जुन्या कलमांचा उतारा जोडण्याची पद्धत आहे खरी; परंतु दुरुस्तीनंतर कायदा सलग कसा वाचला जाईल, हे ज्याचे त्याने जुळवावयाचे. पाठभेदांची नुसती यादी देऊन संहिता न देणाऱ्याला आपण संपादक म्हणत नाही. विधेयकात मात्र तोच शिरस्ता मानला जातो.

दुसरा प्रश्न भाषेचा. राज्याने विधेयकासाठी स्वभाषा ठरविली, तरी राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार अधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो. दोहोंत विरोध आल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली नित्यानंद शर्मा खटल्यात म्हटले. २००१ साली पार्क लेदर खटल्यात इंग्रजी शब्द संदिग्ध वाटताच त्याच न्यायालयाने हिंदी पाठाचा आधार घेतला. म्हणजे सभागृहाने ज्या भाषेत मत दिले, ती भाषा न्यायालयात दुय्यम. अडचण आली की मात्र तिचे स्मरण! जेथे मसुदा इंग्रजीत रचून मागाहून भाषांतरित होतो, तेथे तर देशी पाठ आपल्याच घरी पाहुणा ठरतो.

तिसरा प्रश्न वेळेचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून १९६७ ते १९८१ या काळातील २५६ वटहुकूम मोजले. विधिमंडळापुढे न आणता ते पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले जात. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली. एका अभ्यासकाच्या चिकाटीच्या वाचनाने जे साधले, ते सभागृहातील सदस्यांना साधले नव्हते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

याच म्हैसुरात वेगळा दाखलाही आहे. दिवाण रंगाचार्लू यांच्या काळी १८८१ साली येथे प्रजाप्रतिनिधी सभा भरली. १९०७ साली विधिपरिषद आली. १९२३ च्या सुधारणेने विधेयक परिषदेत मांडण्यापूर्वी त्याच्या मूलतत्त्वांविषयी प्रतिनिधी सभेचे मत घेण्याचा नियम झाला. त्या सभेचे मताधिकारी मूठभर होते आणि तिचे मत बंधनकारक नव्हते, हे विसरून चालणार नाही. तरीही कायदा मांडण्याआधी तो समजावून सांगणे शासनाला भाग पडे, हे थोडे नव्हे.

तेव्हा सुधारणा तीन. विधेयक राज्यभाषेतच रचावे आणि इंग्रजी पाठ त्याच्याबरोबरीने सिद्ध करावा. दुरुस्ती विधेयकासोबत दुरुस्त कायद्याची सलग संहिता द्यावी. विधेयक मांडणे आणि त्यावर मत घेणे यांत ठरावीक दिवसांचे अंतर असावे. खरी निकड असल्यास तिची कारणे लेखी नोंदवावीत. यांनी कामाचा वेग मंदावेल, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. पण न वाचता संमत झालेल्या कायद्याचा अर्थ पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात लावावा लागतो. तो विलंब कोणाच्या हिशेबी धरावयाचा?

विधिमंडळात विधेयकाच्या टप्प्यांना वाचन हीच संज्ञा आहे. तिला तिचा अर्थ परत मिळावा, इतकीच ही मागणी आहे.