साताऱ्याचे तिरंदाजी प्रशिक्षक आणि सांगलीची मावशी

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तिचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. अंतिम लढतीत तिने १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण मिळविले. म्हणजे चौदा बाण दहाच्या वर्तुळात आणि एकच नवाच्या. दहाच्या वर्तुळाचा व्यास आठ सेंटिमीटर, अंतर पन्नास मीटर! त्याच दिवशी पुरुष गटात नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. दोघांचे प्रशिक्षक एकच होते, सातारा पोलीस दलातील शिपाई प्रवीण सावंत.

पदक विजेत्याचे नाव आपण लक्षात ठेवतो. शिकविणाऱ्याचे सहसा विसरतो. पोलिसाची नोकरी सांभाळून सावंतांनी उसाच्या शेताला लागून असलेल्या जागेत मुलांना धनुष्य धरायला शिकविले. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीला खेळता यावे म्हणून ते गावाकडून साताऱ्यात येऊन राहिले आणि तिला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. तेथे कोणी फुटबॉल खेळत होते, कोणी धावत होते. एका कोपऱ्यात नेमबाण घेऊन उभ्या असलेल्या चार मुलांकडे तिची नजर गेली. धनुष्यासाठी वडिलांनी पुढे कर्जही काढले. ओजस तर नागपूर सोडून सावंतांकडे शिकण्यासाठी साताऱ्यात आला. दोघांनाही पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला.

आरोग्यविषयक सदरात हे कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे कारण आमची सांगलीची मावशी.

त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्या पावसात मोरीत पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करण्यास सांगितले होते. घरी आल्यावर मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून ते मोडीत काढले. "पुन्हा पडली तर?" या भीतीने तिला पाण्याचा पेलाही हातात दिला नाही. उठवायचे झाले की दोघी जणी काखेत हात घालून उचलत असू. दोन महिन्यांत तिच्या मांड्या काटक्यांसारख्या झाल्या आणि खांदा दुखू लागला तो वेगळाच. आम्ही आपल्या सेवेवर खूश होतो. ती गप्प होत चालली होती, हे कोणी पाहिलेच नाही.

बर्लिनची लढत तिने खाटेवर पडून मोबाइलवर पाहिली. "आपल्या साताऱ्याची गं!" एवढेच म्हणाली, पण पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज चढलेला ऐकला. दुसऱ्या दिवशी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना तिने ती हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी आम्हालाच विचारले, "नेम धरताना प्रशिक्षक कुठे उभा असतो?"

रेषेच्या मागे. तो बोलू शकतो. पण दोरी ओढणे आणि सोडणे खेळाडूनेच करायचे असते. नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी जड धनुष्यही देत नाहीत. आधी नुसते पाय किती अंतरावर ठेवायचे, भार दोन्ही पायांवर कसा घ्यायचा हे शिकवितात. मग रबरी पट्टी ताणायला देतात. मग हलके धनुष्य आणि अगदी जवळचे लक्ष्य. ताण आणि अंतर वाढते ते आठवड्यांनी, महिन्यांनी.

बाईंनी मावशीसाठी हाच क्रम लावला. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, तिची बैठक गुडघ्यांच्या उंचीपेक्षा थोडी वर. पुढे सरकून बसायचे, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, अंग पुढे झुकवायचे आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचे. बसताना धपकन नव्हे, सावकाश. आरंभी तीनदा. मदतनिसाने दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहायचे; कमरेपाशी हात तयार ठेवायचा, पण तोल गेल्याशिवाय लावायचा नाही. काखेतून किंवा दंडाला धरून ओढायचे तर मुळीच नाही, कारण खांदा दुखावतो तो त्यामुळेच. पुढे ओट्याला धरून टाचा उचलणे, मग एका पायावर क्षणभर उभे राहणे. पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

आपल्या घरी हे आरंभण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा. विशेषतः शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर. चक्कर, छातीत दुखणे, दम लागणे किंवा खुब्यात नवी कळ जाणवली तर तेथेच थांबा. ओली मोरी, सुटी पायपुसणी आणि रात्रीचा अंधार यांची व्यवस्था मात्र आजच लावता येईल.

मला स्वतःला सर्वांत अवघड गेले ते हात न लावणे. मावशी अर्धवट उठून थरथरत थांबे, तेव्हा माझा हात आपोआप पुढे होई. बाई नजरेनेच मला अडवीत. पहिल्या आठवड्यात तर मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले.

दिवाळीत तिने देवापुढे स्वतः दिवा लावला. अजूनही ती वॉकर घेऊनच चालते आणि मोरीत जाताना मला हाक मारते. मी गेले की म्हणते, "हात नको लावूस. नुसती मागं उभी राहा."