दुर्गाघाटावरून वाचलेले ‘गोदान’

प्रेमचंदांची ‘गोदान’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला काशीत त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मगाव लमही काशीलगतच आहे. ‘हंस’ मासिक त्यांनी १९३० मध्ये काशीतूनच सुरू केले. त्यांच्या मृत्यूनंतर ‘हंस’चा जो प्रेमचंद स्मृती अंक १९३७ मध्ये निघाला, त्याचे संपादन काशीकर मराठी पत्रकार बाबूराव विष्णु पराडकर यांनी केले. तरीही दुर्गाघाटासारख्या काशीच्या मराठी वस्तीतल्या वाचकाला ही कादंबरी पराडकरांच्या अभिमानापुरती आपली मानून सुटका करून घेता येत नाही. तिच्यात काशी आहे, आणि ती या घाटाला अडचणीत टाकणारी आहे.

दुर्गाघाट पेशवाईत उभा राहिला. तो आणि शेजारचा ब्रह्माघाट बांधण्यामागे पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर होते. नाना फडणविसांचा वाडाही इथलाच. या परिसरातल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण, शास्त्राभ्यास आणि भिक्षुकी केली. त्यांचा चरितार्थ दक्षिणेवर, दानावर आणि संस्थानिकांच्या अन्नछत्रांवर चालला. काशीच्या पंडितांचा निर्णय देशभर प्रमाण मानला जाई. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी गागाभट्ट काशीहूनच रायगडावर गेले होते.

कादंबरीतला होरी महतो हा अवधमधल्या बेलारी गावचा कूळ शेतकरी. दारात एक गाय असावी एवढीच त्याची हौस. भोला गवळ्याकडून तो ऐंशी रुपयांची गाय उधारीवर आणतो आणि त्याचा सख्खा भाऊ हीरा मत्सराने तिला विष घालतो. पुढे मुलगा गोबर भोलाच्या विधवा मुलीला, गरोदर झुनियाला, दाराशी सोडून पळून जातो. होरी आणि त्याची बायको धनिया तिला घरात घेतात, म्हणून गावचे पंच शंभर रुपये आणि तीस मण धान्य असा दंड बसवतात. धान्य खळ्यावरूनच जाते आणि रोख रकमेसाठी घर गहाण पडते. गाईचे पैसे थकले म्हणून भोला बैल सोडून नेतो. बैलांवाचून होरी दातादीन पंडिताशी अर्धेलीने शेती करतो आणि हळूहळू स्वतःच्याच रानात मजूर होतो.

दातादीन गावचा पुरोहित आणि सावकारही. बैलासाठी दिलेल्या तीस रुपयांचे त्याच्या हिशेबाने दोनशे होतात. शहरात राहून आलेला गोबर वाजवी व्याजाने सत्तर रुपये मोजायला तयार असतो. पण ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर धडगत नाही, या धास्तीने होरी स्वतःच दातादीनचे पाय धरून सगळी रक्कम कबूल करतो. वसुलीसाठी इथे शिपाई लागत नाही. ऋणकोची श्रद्धाच पुरते.

काशी येते ती दातादीनच्या मुलाच्या प्रकरणात. मातादीनने सिलिया या चर्मकार मुलीला ठेवलेले असते. तिच्या जातीचे लोक संतापून त्याच्या तोंडात हाड घालतात आणि तो बाटतो. मग शेकडो रुपये खर्चून, होमहवन आणि ब्राह्मणभोजने घालून काशीचे पंडित त्याला पुन्हा ब्राह्मण करून घेतात. सिलियाच्या वाट्याला मात्र यातले काहीच येत नाही. ज्या अधिकाराने गागाभट्ट रायगडावर गेले, तोच अधिकार इथे पैसे मोजून शुद्धी देतो. शेवटी मातादीन जानवे टाकून सिलियाकडे राहायला जातो, आणि त्या निर्णयासाठी तो कोणत्याही पंडिताला विचारत नाही.

शेवटच्या प्रसंगात मजुरी करताना ऊन लागून होरी मरणपंथाला लागतो. जमलेले लोक गोदान करायला सांगतात. मृताला वैतरणी पार करता यावी म्हणून गाय दान द्यायची, हा त्यामागचा समज. घाटांवर प्रत्यक्ष गाईऐवजी बहुधा निष्क्रय म्हणून पैसेच दिले जातात. धनियाही तेच करते. सुतळी विकून आलेले वीस आणे ती होरीच्या गार पडलेल्या हातात ठेवते आणि हेच त्याचे गोदान, असे समोर उभ्या दातादीनला सांगते. होरीचा धनको आणि त्याच्या गोदानाचा याचक एकच असतो.

म्हणून घाटावरचा वाचक होरीच्या बाजूने वाचू लागला तरी अखेरीस त्याला स्वतःचे घर दान देणाऱ्यांत नव्हे, घेणाऱ्यांत दिसते. मराठीत हा हिशेब त्याआधीच मांडला गेला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जन्माआधीपासून मृत्यूनंतरपर्यंत प्रत्येक विधीला शेतकऱ्याची गाठ कशी सुटते, हे क्रमवार दाखवले. फुले ते आरोपपत्रासारखे मांडतात. प्रेमचंद त्याच व्यवहारात शेतकऱ्याच्या मनात शिरतात आणि मर्यादा पाळण्यात त्याला वाटणारी प्रतिष्ठाही दाखवतात. कादंबरीचा मेहता आणि मालती या शहरी पात्रांचा लखनौकडचा भाग चर्चांनी भरलेला आणि सैल वाटतो, ही जुनी तक्रार खरी आहे. पण बेलारीच्या प्रकरणांना ती लागू होत नाही.

घाटावरच्या सगळ्याच भिक्षुकांनी सावकारी केली नाही. बरेच स्वतःच दरिद्री होते. मात्र दानाचे पुण्य सांगताना ते पैसे कुठून आले, हे विचारण्याची रीत नव्हती. ‘गोदान’ ती चौकशी करते आणि वीस आण्यांचा उगम सुतळीपर्यंत नेऊन दाखवते.