गाडीतली दुसरी बॅटरी आणि आपली 'दोन वायरी जोड' वृत्ती

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी साडेतीनला मित्राचा फोन आला, "अबे, डायनामो गेला बे. धूर निघून राहिला."

हा माझा शाळेपासूनचा मित्र. जुनी सतरा सीटर गाडी घेऊन त्यानं तिचा कॅम्पर केला. आत दोन पलंग, छोटा फ्रीज, पंखे, दिवे. त्यासाठी कर्ज काढलं, वहिनींचे दागिनेही गहाण ठेवले. हिशेब चुकीचा नव्हता. 2021 मध्ये राज्याचं कारवां पर्यटन धोरण आलं. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झाला. आपल्याकडे सेवाग्राम आहे, पवनार आहे, बोर व्याघ्र प्रकल्प आहे. नागपूरचे लोक दोन-तीन दिवसांसाठी अशी गाडी घेतील, हे मलाही पटलं होतं.

त्या दिवशी तो एका निवृत्त जोडप्याला लोणारला घेऊन निघाला होता. समृद्धीवरून उतरून एका ढाब्यावर थांबले. बाहेर उन्हाचा भडका. फ्रीज बंद पडू नये आणि बॅटरी भरत राहावी म्हणून यानं गाडी दीड तास चालूच ठेवली. आधी जळका वास आला, मग बॉनेटमधून धूर. आग लागली नाही, हे नशीब. पाहुणे दुसरी गाडी करून परत गेले, यानं त्यांचे पैसे परत केले आणि गाडी टोचन लावून आणली.

आता चुकलं काय, ते नीट समजून घेऊ. ही गोष्ट एका कॅम्परपुरती नाही.

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनची, सेल्फ मारायला. दुसरी घराची, म्हणजे फ्रीज, पंखे, दिवे चालवायला. दोन्ही भरायच्या असतात इंजिनवरच्या अल्टरनेटरनं, ज्याला आपण अजूनही डायनामोच म्हणतो. मित्राच्या वायरमननं पहिल्या बॅटरीवरून वायर ओढली, मधे एक रिले टाकला आणि दुसऱ्या बॅटरीला जोडून दिली. गाडी चालू झाली की रिले लागतो, बंद झाली की सुटतो. साधं काम.

दुसरी बॅटरी जुन्या लेड-ॲसिडची असती तर हे बहुतेक चाललं असतं. ती भरत जाते तसा तिचा घास कमी होतो, पोट भरलं की हात आखडते. पण मित्रानं घेतली होती लिथियमची, 200 अँपिअर-अवरची. ती बकासुरासारखी. अल्टरनेटर जेवढं देईल तेवढं ती ओढत राहते, जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत. आणि 100 अँपिअर लिहिलेला अल्टरनेटर आयडलवर त्याच्या अर्ध्याच्या आसपासच देऊ शकतो, कित्येकदा त्याहूनही कमी. त्याला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणजे काम जास्तीत जास्त आणि वारा कमीत कमी. वर वर्ध्या-बुलढाण्याचा मे महिना. आतली गुंडाळी जळणार नाही तर काय होणार?

यावर उपाय आहे आणि तो काही गुपित नाही. दोन बॅटऱ्यांच्या मधे डीसी टू डीसी चार्जर बसवायचा. तो अल्टरनेटरकडून ठरलेलाच प्रवाह घेतो आणि दुसऱ्या बॅटरीला तिच्या जातीप्रमाणे योग्य व्होल्टेज देतो. 30 अँपिअरचा चार्जर असेल तर दोन तासांच्या प्रवासात 60 अँपिअर-अवरच्या जवळपास भरणा होतो. छोट्या फ्रीजला आणि एका पंख्याला रात्र काढायला तेवढं पुरतं. बीएस-6 गाड्यांत तर तो हवाच. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमानं व्होल्टेज कमी-जास्त करतो. इंजिनची बॅटरी भरली की व्होल्टेज इतकं खाली आणतो, की साध्या रिलेवरची दुसरी बॅटरी उपाशी राहते.

वायरही महत्त्वाची. सहा एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, त्यातून 30 अँपिअर गेले की वाटेतच सुमारे 0.9 व्होल्ट गळतो. अल्टरनेटरपाशी 14.2 असले तर बॅटरीपाशी उरतात 13.3. तेवढ्यात लेड-ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि अर्धपोटी राहून लवकर मरते. तीच वायर सोळा एमएमची घेतली तर गळती एक तृतीयांशाच्या थोडी वर येते. आणि फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. वायर मधे कुठं घासून बॉडीला टेकली तर आग कोणत्याही बाजूनं लागू शकते. मित्राच्या गाडीत फ्यूज एकच होता, तोही मधोमध.

कोणी म्हणेल, छतावर सोलर टाका. टाकाच. एप्रिल-मेमध्ये त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या झडीत सोलरच्या भरवशावर औषधाचा फ्रीज ठेवता येत नाही.

औषधाचा फ्रीज म्हटलं, कारण खरा मुद्दा तिथंच आहे. दोन वर्षांपूर्वी बातमीसाठी मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत आष्टी-कारंजा भागात दिवसभर फिरलो. लस आणि इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. दुपारी तीनला त्या गाडीतला फ्रीज पीं-पीं करायला लागला. चालकानं सवयीनं थर्माकोलचा डबा काढला, गावातल्या दुकानातून बर्फ आणला आणि इन्सुलिन त्यात ठेवलं. बर्फाला थेट टेकून इन्सुलिन गोठलं तर तेही वाया जातं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "रोज असंच होते का?" तो म्हणाला, "उन्हाळ्यात होतेच जी." मी तेव्हा ती ओळ बातमीत घेतली नाही. उद्घाटनाची बातमी होती, फोटो होता, नारळ होता. गाडी पाच-पाच मिनिटांच्या अंतरावर गावोगाव थांबते, थांबल्यावर इंजिन बंद, मग बॅटरी भरणार कधी, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. त्याची लाज आज वाटते, म्हणून हे लिहितोय.

मित्राच्या वायरमनकडेही गेलो. भांडायला नाही, विचारायला. तो म्हणाला, "मले कोनं शिकोलं का भाऊ? ट्रकच्या बॅटऱ्या मी वीस वर्षांपासून जोडून रायलो, कधी काई झालं नाई." त्याचं खोटं नाही. बॅटरी बदलली, गाड्या बदलल्या, आणि त्याला शिकवायला कोणीच आलं नाही. दोन वायरी जोडल्या की झालं, ही वृत्ती एकट्या त्याची नाही. गाडी घेणाऱ्याची आहे, बिल मंजूर करणाऱ्याची आहे आणि बातमी लिहिणाऱ्या माझीही आहे.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

एक. सरकारी निधीतून किंवा सीएसआरमधून जी काही फिरती गाडी जिल्ह्यात येईल, दवाखान्याची असो की जनावरांच्या उपचाराची, तिच्या निविदेत दुसऱ्या बॅटरीचं चार्जिंग कसं होणार ते स्पष्ट लिहा. चार्जर किती अँपिअरचा, वायर किती एमएमची, फ्यूज कुठं. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी मे महिन्याच्या उन्हात दिवसभर गावोगाव थांबत फिरवून फ्रीजचं तापमान तासातासाला लिहा. नारळ त्यानंतर फोडा.

दोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मोठा बदल करायला परवानगी लागते. ती देताना पलंग आणि पडदे पाहता, तसे फ्यूज आणि वायरीही पाहा.

तीन. आयटीआयमध्ये आपल्या गॅरेजवाल्यांसाठी, वायरमनसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग सुरू करा. मराठीत. पंधरा दिवसही पुरतील. आज कॅम्पर आहे, उद्या यांच्या दारात इलेक्ट्रिक गाड्या उभ्या राहणार आहेत.

खर्च वाढेल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, मित्राला नवा अल्टरनेटर, टोचनचं भाडं आणि परत केलेले पैसे मिळून चांगल्या चार्जरच्या किमतीपेक्षा जास्त गेले. दागिने अजून सुटले नाहीत. गाडीत आता चार्जर बसलाय, त्याच वायरमननं बसवला, माहितीपुस्तिका शेजारी ठेवून, मित्राच्या पोरीकडून वाचून घेत.

तुमच्या गावात फिरता दवाखाना येत असेल तर पुढच्या वेळी चालकाला एकच विचारा, "दुपारी फ्रीज चालू राहते का जी?" उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. नाव लिहू नका, गाव लिहा. मी ती यादी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे.