वाचक की प्रयोगवस्तू?

पहिल्या पानावर कोणती बातमी यावी हे ठरविण्याचा अधिकार संपादकाचा आणि त्या निर्णयाची जबाबदारीही त्याचीच, हा पत्रसृष्टीचा जुना दंडक. 1908 साली 'केसरी'तील लेखांपायी लोकमान्य टिळकांनी सहा वर्षांची शिक्षा भोगली. छापलेल्या शब्दाची जबाबदारी त्यांनी झटकली नाही. आज कोट्यवधी लोक मोबाईलच्या पडद्यावर बातम्या वाचतात. तेथे प्रत्येकाचे पहिले पान निराळे असते आणि ते मांडते संगणकाची गणिती प्रणाली. तिला जाब कोण विचारणार?

ही प्रणाली सुधारण्यासाठी प्रत्यक्ष वाचकांवर प्रयोग चालतात. वाचकांचे दोन गट पाडायचे, एकास जुन्या व दुसऱ्यास नव्या रीतीने बातम्या दाखवायच्या आणि कोण किती बातम्या उघडतो, किती वेळ रेंगाळतो हे मोजायचे. असे प्रयोग अनावश्यक आहेत, असे म्हणता येणार नाही. जुन्या नोंदींत वाचकाने समोर आलेल्या बातम्यांतूनच केलेली निवड असते. जी बातमी दाखविलीच नाही, ती त्याने वाचली असती का, याचे उत्तर त्या नोंदी देत नाहीत. प्रश्न प्रयोगाचा नाही, संमतीचा आहे.

जानेवारी 2012 मध्ये फेसबुकने आठवडाभर 6 लाख 89 हजार 3 जणांच्या पडद्यावरील आनंदी वा दुःखी मजकूर कमी करून त्यांच्या मनःस्थितीवरील परिणाम तपासला. जगाला हे कळले ते 2014 साली शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर! ऑक्टोबर 2017 मध्ये याच कंपनीने श्रीलंका, बोलिव्हिया, स्लोव्हाकिया, सर्बिया, ग्वाटेमाला व कंबोडिया या सहा देशांत वृत्तसंस्थांच्या पानांवरील मजकूर मुख्य प्रवाहातून काढून वेगळ्या कप्प्यात टाकला. पैसे मोजलेला मजकूर तेवढा जागेवर राहिला. छोट्या वृत्तसंस्थांचा वाचक एकाएकी घटला. मार्च 2018 मध्ये प्रयोग गुंडाळला गेला. प्रयोगशाळेसाठी निवड झाली ती लहान देशांची, हे विसरता येत नाही.

याहून प्रामाणिक मार्ग आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ व सहकारी संशोधकांनी 'पॉपरॉक्स' हा उपक्रम उभारला आहे. त्यात स्वेच्छेने नाव नोंदविणाऱ्या वाचकांना असोसिएटेड प्रेसच्या निवडक बातम्या ई-मेलने रोज पाठविल्या जातात. आपण संशोधनात सहभागी आहोत, हे वाचकाला ठाऊक असते. भारताच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानेही संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी, हे तत्त्व मान्य केले आहे. लांबलचक नियमावलीखाली 'मान्य' या शब्दावर टेकलेले बोट म्हणजे अशी संमती नव्हे.

तेव्हा प्रयोग चालू असल्याची सूचना वाचकाला मिळावी, त्यातून बाहेर पडण्याची सोय असावी आणि निवडणूक वा दंगलीच्या काळात बातम्यांच्या क्रमाशी असा खेळ होऊ नये, एवढी किमान मर्यादा हवीच. किती जणांनी बातमी उघडली, हे यशाचे एकमेव मोजमाप ठरले, तर शेतीच्या पाण्यापेक्षा नटाचा विवाह मोठा ठरणार, हे उघड आहे.

कायदा आपले काम करील. कुटुंबांनीही आपले करावे. घरात एक तरी वृत्तपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले जावे. न आवडणारी बातमी वाचण्याची सवय हीच सुजाण नागरिकत्वाची पहिली पायरी होय.