फिरत्या प्रदर्शनाची भाषा कोणती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसगाडीत मांडलेले प्रदर्शन शाळाशाळांपर्यंत नेले आहे. ज्यांना संग्रहालयाची पायरी चढता येत नाही, त्यांच्या दारी संग्रहालयाने जावे, हे तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते. सुरतेतील मराठी वस्त्यांच्या लोकजीवनाचे असेच फिरते प्रदर्शन व्हावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांनी सोबत कानबाई आणली, आखाजीची गौराई आणली, जात्यावरची गाणी आणली. श्रावणात कानबाईचे रोट सुरतेतही होतात. परंतु यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार संग्रहालयाच्या वेळेत मोकळा नसतो. म्हणून प्रदर्शनानेच चौकात आणि महापालिकेच्या मराठी शाळांत जावे.

मात्र त्याची भाषा कोणती? या कुटुंबांपैकी अनेकांची घरची बोली अहिराणी आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांसोबत नवव्या खंडात स्थान दिले. हे वर्गीकरण योग्य की अयोग्य, हा वाद विद्वानांनी करावा. फलक लिहिणाऱ्याने मात्र आजीची कहाणी 'शुद्ध' करून प्रमाण मराठीत बसवू नये. सीमाभागात पाटीवरची मराठी पुसली गेली की आम्ही हरकत घेतो. तोच न्याय आम्हांलाही लागू आहे.

संविधानाचा अनुच्छेद २९(१) 'भाषा, लिपी किंवा संस्कृती' जतन करण्याचा हक्क देतो. यातील 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. अहिराणी देवनागरीत लिहिली जाते, तिला स्वतःची लिपी नाही. तेवढ्याने तिचा हक्क उणा होत नाही. हा हक्क राज्याच्या राजभाषेवरही अवलंबून नाही.

तेव्हा प्रथम सांगणाऱ्याचा आवाज ऐकू यावा. मग फलकावर अहिराणी मजकूर, त्याखाली मराठी व गुजराती. गुजराती शेजाऱ्यालाही कळू दे की शेजारच्या घरी कानबाई का बसते. ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी संमती घ्यावी, सांगणाऱ्याची इच्छा असल्यास नाव द्यावे आणि मुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. गाडी पुढच्या वस्तीत गेल्यावरही कहाणी ज्यांची, त्यांच्यापाशी ती राहिली पाहिजे.