जखमेवरील चौथाई

कळंबच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखालीं कर्त्या पुरुषाचा पाय गेला, तर भरपाईसाठीं न्यायाधिकरणापुढें जाण्यास त्यास वकील लागतो. पंचनामा, डॉक्टरांचे दाखले, उत्पन्नाचा पुरावा जमविणें हे श्रम खरे. त्यांची वाजवी फी मिळालीच पाहिजे. परंतु मिळेल त्या रकमेंत चौथाई मागणें म्हणजे पक्षकाराच्या जखमेंत भागीदारी करणें होय! अमेरिकेंत ही रीत मान्य आहे. आमच्या बार कौन्सिलच्या नियमांनीं ती निषिद्ध असून सर्वोच्च न्यायालयानेंही २०१७ सालीं तेंच बजाविलें. गरिबाजवळ आगाऊ पैसा नसतो, हें आम्ही जाणतों. म्हणूनच १९८७ च्या कायद्यानें स्त्रिया, मुलें, अपंग व अल्प उत्पन्नाचे लोक यांस मोफत वकील देवविला आहे. तो तालुका विधी सेवा समितीकडे हक्कानें मागावा. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कदापि उठवूं नये.